काळं आभाळ राखून
आतषबाजीच्या फोटोंवरच्या प्रयोगांची प्रस्तावना

आतषबाजीचा फोटो काढणारा जे टिपतो, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. डोळ्याला दिसतो तो खाली येणारा एक जळता ठिपका. कॅमेऱ्याचं शटर चार सेकंद उघडं राहिलं की त्याच ठिपक्याची रेघ होते. अशा शे-दीडशे रेघा एका बिंदूतून फुटलेल्या दिसतात आणि आपण म्हणतो, काय फूल उमललंय! ते फूल आकाशात कोणत्याही एका क्षणी नव्हतं. चार सेकंदांची बेरीज करून कॅमेऱ्यानं ते घडवलं. म्हणून असा फोटो संगणकावर किंवा मोबाइलवर उघडून त्याच्याशी खेळणाऱ्याला कोणी ‘मूळ दृश्याची मोडतोड केलीस’ म्हणालं, तर मला ते पटत नाही. लग्नाच्या फोटोत मूळ दृश्य कोणतं ते सांगता येतं. इथे मात्र तो प्रश्न शटर उघडल्यापासूनच खुला असतो, आणि एडिटिंग करणारा तोच प्रश्न पुढे नेतो.

हे पुस्तक त्या खेळाचं आहे. फोटो नेटका करण्याची, क्षितिज सरळ करण्याची, रंग थोडे खुलवण्याची माहिती जागोजागी मिळते, ती इथे फारशी नाही. दिवाळीत काढलेले, गावच्या जत्रेत काढलेले, हललेले, अर्धवट कापले गेलेले आणि पुन्हा कधी उघडून न पाहिलेले फोटो घेऊन त्यांतून नवं चित्र कसं उभं करायचं, हा इथला विषय आहे. यात आणखी एक समाधान मला महत्त्वाचं वाटतं. एकदा उडालेल्या बाणाचा फोटो वर्षभर नव्यानं वापरता येतो, त्यासाठी पुन्हा काही जाळावं लागत नाही.

सगळ्या प्रयोगांमागे माझं एकच म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकतो. आतषबाजीच्या फोटोचा बहुतेक भाग काळा असतो. एखादा इफेक्ट टिकतो की कोसळतो, हे तो त्या काळ्याचं काय करतो यावर ठरतं. नवखा माणूस रेघांकडे पाहून काम करतो, रंग वाढवतो, चमक वाढवतो, आणि आभाळ करडं, चट्टेरी, मळकट झालेलं त्याच्या लक्षातच येत नाही. रेघा आपोआप लक्ष वेधतात. जपावं लागतं ते आभाळ.

चित्रकारांना हे फार पूर्वी कळलं होतं. जेम्स व्हिसलर या अमेरिकन चित्रकारानं १८७०च्या दशकात लंडनच्या क्रेमोर्न गार्डन्समधली आतषबाजी रंगवली. चित्राचं नाव ‘नॉक्टर्न इन ब्लॅक अँड गोल्ड: द फॉलिंग रॉकेट’. कॅनव्हासवर जवळजवळ सगळा अंधार, धूर आणि धुकं, आणि त्यात सांडलेले सोनेरी ठिपके. जॉन रस्किन या बड्या समीक्षकानं १८७७मध्ये त्यावर इतकी कडवट टीका केली, की व्हिसलरनं अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, आणि खटल्याच्या खर्चानं त्याचं दिवाळं वाजायला हातभार लागला. आज ते चित्र डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. संगणकावर आपण जे करू पाहतो त्याचा उत्तम धडा मला त्या चित्रात दिसतो. प्रकाश अगदी मोजका आणि अंधार भरपूर, पण त्या अंधारातही किती छटा आहेत!

जपानच्या हिरोशिगेचं ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतलं र्‍योगोकू पुलावरच्या आतषबाजीचं चित्र १८५८ सालचं. ते लाकडी ठशांवरून छापलेलं. आभाळाचा गडद रंग वरून खाली हलका होत जातो, तो ठशात कोरलेला नसतो. छापणारा कारागीर दर वेळी ओल्या ठशावर ब्रशनं रंग फिकट करत नेतो, त्या कामाला तिकडे बोकाशी म्हणतात. त्यामुळे एकाच ठशाच्या दोन प्रतींचं आभाळ अगदी सारखं नसतं. छापणाऱ्याच्या हाताला तेवढी मोकळीक होती आणि ती कुणाला गैर वाटली नाही. माझ्या मते आपण ग्रेडियंटचा स्लायडर सरकवतो तेव्हा त्याच कारागिराच्या जागी बसलेले असतो.

आपल्याकडेही आतषबाजी नुसती आवाज-उजेडाची नव्हती, तिच्यातून चित्रं उभी केली जात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास लिहिला. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त लग्नप्रसंगी उडालेल्या शोभेच्या दारूचे प्रकार येतात, तेही त्यांनी नोंदवलं आहे. पेशव्यांच्या बखरीतली हकिकत तर फारच बोलकी आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे गावाबाहेर दारूची लंका उभी करत, रावण, राक्षस, वानर सगळे दारूचेच, आणि शेपटीला आग लागलेला हनुमान ती लंका पेटवत जाई. पेशव्यांना ते पाहावंसं वाटलं आणि पुण्यात पर्वतीच्या परिसरात तसा खेळ मांडला गेला. त्या दारूकाम करणाऱ्यांनी आगीतून गोष्ट रचली. आपण त्या आगीच्या फोटोतून काही रचत असू, तर ती जुनीच रीत आहे.

त्या काळच्या आगीत रंग मात्र थोडे होते. कोळशाचा नारिंगी, लोखंडाच्या किसाचा सोनेरी, आणि फार तर पांढरा. लाल, हिरवा, निळा असे भडक रंग एकोणिसाव्या शतकात पोटॅशियम क्लोरेट वापरात आल्यावर आले. लालसाठी स्ट्रॉन्शियम, हिरव्यासाठी बेरियम, पिवळ्यासाठी सोडियम, निळ्यासाठी तांबं. लखलखीत पांढऱ्यासाठी मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, टायटॅनियम. यांतला निळा सर्वांत अवघड. तांब्याचं जे संयुग निळा उजेड देतं ते फार तापलं की मोडतं, त्यामुळे निळी ठिणगी मंदच ठेवावी लागते. हिरव्याचीही एक गोष्ट आहे: सर्वोच्च न्यायालयानं २०१८च्या निकालात फटाक्यांमध्ये बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली.

ही रसायनं एडिट करणाऱ्याला कशाला हवीत? कारण फोटोतले रंग एकसारख्या ताकदीनं आलेले नसतात. पांढरी आणि सोनेरी रेघ सेन्सरला भाजून काढते, निळी रेघ अंधाराला खेटून असते. सगळा फोटो एकाच वेळी उजळ केला तर सोनेरी आणखी फिकटते आणि निळ्याबरोबर दाणेदार कचरा वर येतो. म्हणून रंग वेगवेगळे हाताळायचे. या पुस्तकातल्या बहुतेक कृती त्याच पायावर आहेत.

दोन-तीन गोष्टी इथेच तपशिलात दाखवतो, म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येईल.

सर्वांत लोकप्रिय प्रयोग म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचणं, स्टॅकिंग. एकाच जागेवरून काढलेले सहा फोटो, सहा लेअर, आणि वरच्या पाचांचा ब्लेंड मोड बदलायचा. बहुतेक जण ‘स्क्रीन’ निवडतात, कारण तो झटकन उजळतो. इथेच आभाळ हातचं जातं. ‘स्क्रीन’ दोन लेअरचा उजेड जवळजवळ मिळवतो. रात्रीचं आभाळ फोटोत पूर्ण शून्य नसतं, ० ते २५५च्या मोजपट्टीवर समजा ते १० आहे. दोन फोटो ‘स्क्रीन’नं जोडले की ते २०च्या आसपास जातं, सहा जोडले की ५४च्या. ५४ म्हणजे काळं नव्हेच, राखाडी. ‘लायटन’ हा मोड बेरीज करत नाही. तो प्रत्येक ठिकाणी सगळ्या लेअरमधली सर्वांत उजळ किंमत उचलतो. सहाही फोटोंत आभाळ १० असेल तर ते १०च्या आसपासच राहतं आणि रेघा तेवढ्या एकत्र येतात. फिल्मच्या काळात हेच काम लोक कॅमेऱ्यातच करत. शटर उघडं ठेवायचं आणि दोन बाणांच्या मधल्या वेळात लेन्सपुढे काळा पुठ्ठा धरायचा. तेव्हाही सगळी धडपड काळं आभाळ काळं ठेवण्याचीच होती.

‘लायटन’ची एक अडचण आहे, धूर. कार्यक्रम रंगत जातो तसा धूर साठतो, आणि उजळ धूर ‘लायटन’ला रेघेइतकाच प्रिय असतो. शेवटच्या फोटोंमधला धूर मास्क लावून अडवावा लागतो, किंवा वारा पडलेल्या रात्री सुरुवातीचेच फोटो वापरावे लागतात. पण सगळा धूर पुसायच्या मी विरुद्ध आहे. ‘डीहेज’चा स्लायडर टोकाला नेला की धूर जातो आणि त्याबरोबर फोटोतली खोलीही जाते. मागच्या बाणाचा धूर पुढच्या बाणाच्या रंगानं उजळतो, तांबूस, हिरवट. ती त्या रात्रीची खरी गोष्ट असते आणि दिसायलाही देखणी. थोडा धूर राहू द्यावा.

दुसरी अडचण सगळ्यांना भेटते. स्फोटाचा गाभा पांढराफटक पडतो. लाल बाण असूनही मध्ये लाल नसतो, कडेलाच तेवढा लाल. सेन्सर तिथे भरून वाहिलेला असतो, लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, आणि हरवलेला रंग परत मिळत नाही. तो कडेकडून आत आणता येतो. लेअरची प्रत करायची, तिला पंधरा-वीस पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्यायचा, म्हणजे कडेचा लाल गाभ्यावर पसरतो, मग त्या प्रतीचा मोड ‘कलर’ करायचा. हे करूनही पुष्कळांचा गाभा पांढराच राहतो आणि ते कृतीला दोष देतात. कारण साधं आहे. ‘कलर’ मोड खालच्या लेअरची उजळता तशीच ठेवतो, आणि संपूर्ण उजळतेवर पांढऱ्याखेरीज दुसरा रंग मावतच नाही. आधी खालच्या लेअरचा कर्व्ह धरून वरचं टोक २५५वरून २२५च्या आसपास आणायचं. पांढरं किंचित करडं होतं आणि त्या करड्यात लाल उतरतो. अगोदर आणि नंतर शेजारी ठेवून पाहिलं की हा प्रयोग सोडवत नाही.

तिसरा प्रयोग माझा सर्वांत आवडता आहे, इन्व्हर्ट. फोटो उलटा केला की काळं आभाळ कागदासारखं पांढरं होतं आणि रेघा शाईच्या. उजळ सोनेरी रेघ गडद निळी होते, लाल रेघ निळसर हिरवी. साध्या भुईनळ्याचा फोटो घ्या. जमिनीतून उसळून झाडासारखा पसरलेला तो सोनेरी झोत निळ्या शाईनं रेखाटलेल्या झुडपासारखा दिसू लागतो. मूळचे रंग ठेवून फक्त काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल हवी असेल तर इन्व्हर्टनंतर ह्यू १८० अंशांनी फिरवायचा. सोनेरी परत येतो, पण आता तो पांढऱ्यावरचा गडद मातकट सोनेरी असतो. इथेही पहिली कसोटी आभाळाचीच लागते. ज्या दाणेदार डागांकडे काळ्यात कुणाचं लक्ष गेलं नसतं ते उलट्या फोटोत कागदावरच्या बुरशीसारखे दिसतात. म्हणून आधी लेव्हल्समध्ये काळं टोक थोडं आत ओढून आभाळ खरोखर शून्यावर आणायचं, मग उलटायचं.

पोलर कोऑर्डिनेट्स या फिल्टरबद्दलही दोन शब्द, कारण तो निव्वळ गंमत म्हणून वापरला जातो आणि त्यात त्याहून जास्त काही आहे. गोल स्फोटाचा मध्य फोटोच्या बरोब्बर मध्यावर आणा आणि ‘पोलर टू रेक्टँग्युलर’ लावा. मध्यातून बाहेर जाणाऱ्या रेघा वरून खाली येणाऱ्या समांतर रेघा होतात. स्फोट उलगडून पावसाची सर होते. स्फोट अगदी गोल आणि मध्याला धरून असता तर त्या सरीचं खालचं टोक सरळ रेषेत आलं असतं. ते येत नाही, लाटेसारखं वर-खाली होतं. फुटलेल्या ठिणग्यांचा सबंध गोळा तेवढ्या वेळात गुरुत्वानं खाली आणि वाऱ्यानं बाजूला सरकलेला असतो, त्याची ती लाट. वाऱ्याची दिशाही तीतून वाचता येते. इफेक्ट लावल्यावर फोटोत दडलेली गोष्ट वर यावी, असा प्रयोग हाती लागला की मला विशेष आनंद होतो.

आरसा किंवा कॅलिडोस्कोप मात्र मी फार थोड्या पानांत उरकला आहे. आकाशातला गोल स्फोट मुळातच सगळीकडून सारखा, त्याला आणखी सममिती देऊन काही मिळत नाही. भुईचक्राची वेडीवाकडी फिरकी, फुलबाजीनं हवेत काढलेली रेघ, कडेला कापला गेलेला अर्धा बाण यांना आरसा शोभतो.

आभाळ काळं राखायचा नियम लागूच पडत नाही असेही फोटो असतात, आणि त्यांच्यावर मी मुद्दाम एक प्रकरण दिलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं कवठेएकंद दसऱ्याच्या रात्रीच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध आहे. सिद्धराजाच्या पालखीबरोबर गावात शोभेचं दारूकाम होतं. आग, माणसं आणि धूर एकमेकांत मिसळलेले असतात. अशा फोटोत काळं उरतं थोडं, बाकी सगळा नारिंगी धूर. रंग वाढवू गेलं की चिखल होतो. इथे रंग काढून टाकून पाहावा, पण कसा काढायचा ते महत्त्वाचं. ठिणग्यांच्या नारिंगी उजेडात लाल चॅनल भरून वाहतो, त्यात तपशील नसतो. निळा जवळजवळ रिकामा, त्यात नुसते दाणे. माणसांचे चेहरे, धुराचे थर, फेट्याची घडी असं जे काही टिकलेलं असतं ते हिरव्या चॅनलमध्ये सापडतं. चॅनल मिक्सरमध्ये मोनोक्रोम निवडून हिरवा १०० आणि बाकी शून्य करा. जो फोटो नारिंगी गोळा वाटत होता, त्यात माणसं दिसू लागतात.

फाइलबद्दल थोडं सांगायला हवं. रॉ फाइल असेल तर उत्तम. तिच्यात दर चॅनलला १२ किंवा १४ बिट असतात, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. जेपीईजीत २५६. अंधाराच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात, त्या ताणल्या की आभाळात पट्टे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तर जेपीईजीचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन काळ्यात उघडे पडतात. आप्तांनी पाठवलेल्या फोटोवर प्रयोग करायचा असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. आज तेच काम फुकटच्या गिंपमध्ये होतं, आणि इथल्या काही कृती मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्येही जमतात. जिथे जमत नाहीत तिथे तसं लिहिलं आहे.

एका बाबतीत मी कडक आहे. सहा बाण एका आभाळात जोडलेला फोटो सुंदर असतो, पण तो वर्तमानपत्राला बातमीचा फोटो म्हणून द्यायचा नाही आणि ‘काल रात्री आमच्या चौकात’ असं लिहून पाठवायचा नाही. दहा मिनिटांत जे एकामागून एक झालं ते एकदम झालं असं पाहणारा समजेल. गेटवेवर किंवा शनिवारवाड्यावर न उडालेले बाण चढवणं त्याहून वाईट, कारण तिथे जागेबद्दलच खोटं सांगितलं जातं. खाली ‘एकत्रित छायाचित्र’ एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो, आणि त्यानं चित्राचं मोल कमी होत नाही. एका बटणावर आख्खं नवं आभाळ तयार करून देणारी साधनंही आता आली आहेत. ती मी या पुस्तकात घेतलेली नाहीत. तिथला उजेड कुठल्याच दारूचा नसतो. मला ओढ आहे ती खऱ्या ठिणगीनं सेन्सरवर सोडलेल्या खुणेची. तिला उलटा, पसरवा, उलगडा, पण ती असू द्या.

प्रकरणांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, पण तो पाळायलाच हवा असं नाही. पहिलं प्रकरण स्टॅकिंगचं. त्यासाठी ट्रायपॉड न हलवता एकाच जागेवरून काढलेले चार-पाच फोटो लागतात. ते नसतील तर थेट तिसऱ्या प्रकरणावर, इन्व्हर्टवर जा. त्याला एकच फोटो पुरतो आणि तो हललेला असला तरी चालतो.